मागे वळून पाहण्याचे शास्त्र

सायकल आपल्याला येतेच, याबद्दल ज्याच्या मनात तिळमात्र शंका नाही, त्या मनुष्याला प्रौढ सायकलस्वार म्हणतात. ही खात्री त्याने पाचवीच्या उन्हाळी सुट्टीत तासावर भाड्याने आणलेल्या सायकलवर, नळीखालून पाय घालून आणि दोन्ही गुडघे फोडून मिळवलेली असते. पुढची तीस-चाळीस वर्षे तिची फेरतपासणी होत नाही. मोटार चालवायला परवाना लागतो, मांडव घालायला परवानगी लागते, सायकलला मात्र काहीच लागत नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा सायकलला मोटार वाहन मानत नाही. त्यामुळे सायकलस्वाराची परीक्षा घेण्याचा अधिकार फक्त रस्त्याकडे उरला आहे, आणि रस्ता वेळापत्रक आधी लावत नाही.

पूर्वी असे नव्हते. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे आणि डबलसीट हा गुन्हा होता. बिनदिव्याचा स्वार सापडला की पोलीस चाकातली हवा सोडून देत. सुरक्षा-प्रशिक्षणाची ही पद्धत तिच्या काळी फारच पुढारलेली म्हणावी लागेल. धडा जागच्या जागी मिळे, फी नसे आणि सायकल ढकलत पंक्चरवाल्यापर्यंत चालत जाणे हा गृहपाठ त्यातच येई. पुढे बिल्ले गेले, डायनामो गेले, हवा सोडणारे हातही इतर कामांत गुंतले. ती जागा आता फोनच्या पडद्याने घेतली आहे.

डिजिटल प्रशिक्षण म्हणजे चित्रफिती, प्रश्नोत्तरे, धोका ओळखण्याच्या चाचण्या आणि घरातल्या घरात आभासी रस्त्यावर चालवण्याची सायकल. या साधनांची पारख करायला मावळ तालुक्याइतकी सोयीची प्रयोगशाळा दुसरी नाही. रविवारी पहाटे पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडून सायकलस्वारांचा लोंढा निगडी, देहूरोड, सोमाटणे, तळेगाव, वडगाव, कामशेत, कार्ला असा जुन्या महामार्गाने लोणावळ्याकडे निघतो. द्रुतगती मार्गावर सायकलींना बंदी आहे, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांनाही आहे. म्हणजे ज्यांना द्रुतगती जमत नाही ते सगळे एकाच जुन्या रस्त्यावर एकत्र येतात. पुण्याहून लोणावळा ६५ किलोमीटरच्या आसपास आहे. स्वार तिथे पोहोचतो, वडापाव खातो, चिक्कीचे पाकीट पाठपिशवीत टाकतो आणि परततो. वजन कमी करण्याचा हेतू जाताना असतो. येताना त्याचे काय होते याची नोंद कोणतेही ॲप ठेवत नाही.

पहिला प्रकार चित्रफितीचा. यातील रस्ता बहुधा परदेशी असतो. डांबर राखाडी, कडेची पांढरी रेघ अखंड, आणि मोटारी एकमेकींपासून सोयरीक तुटल्यासारख्या लांब उभ्या. आवाज सांगतो की स्वाराने कडेला चिकटू नये, कडेपासून हातभर आत राहावे, आणि रस्ता अरुंद असेल तिथे सरळ मार्गिकेच्या मध्यावर यावे, म्हणजे मागचा चालक अर्धवट जागेतून घुसण्याचा मोह आवरतो. सल्ला पक्का आहे. अमेरिकेत जॉन फॉरेस्टर यांनी १९७० च्या दशकात हाच विचार हिरिरीने मांडला होता, की सायकल हे वाहन आहे आणि ते वाहनासारखेच चालवावे. ब्रिटनच्या सायकल-शिक्षणातही स्वाराची जागा हा मुख्य धडा असतो. मावळात हा धडा वेगळ्याच वाटेने पटतो. कामशेतजवळ कडेला चिकटलेल्या स्वाराला ओळीने खडी, उभा टेम्पो, कणसाची हातगाडी आणि ‘फक्त फाट्यापर्यंत’ उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल भेटते. तिच्यावर तिघे असतात आणि तिघांच्याही चेहऱ्यावर, सायकल चुकीच्या बाजूने येत असल्याबद्दल, सौम्य नापसंती असते. कडेपासून हातभर आत राहण्याचे तत्त्व स्वाराला कोणी समजावून सांगावे लागत नाही, कारण कड त्याच्या वाट्याला येतच नाही.

हातांच्या खुणांचा धडा त्याहून नाजूक. उजवा हात आडवा केला की उजवीकडे वळायचे आहे असे समजावे, हे सगळ्या चित्रफिती एकमुखाने सांगतात. जुन्या महामार्गावर आडव्या हाताचे अर्थ बरेच आहेत. मागचा चालक त्यातून ‘या पुढे’ असे समजतो, पुढचा रिक्षावाला प्रवासी समजून थांबतो, आणि कणीसवाला ‘किती देऊ, सर?’ म्हणून उठतो. ट्रकची भाषा तर पदवीच्या अभ्यासक्रमात घालावी अशी आहे. उजवा दिवा लुकलुकला तर ‘मी उजवीकडे वळतो’ किंवा ‘तू उजवीकडून जा’. दोन्ही अर्थ एकाच रस्त्यावर एकाच वेळी चालू असतात, आणि कोणता खरा हे ओलांडायला निघाल्याशिवाय कळत नाही. क्लीनरचा खिडकीबाहेर आलेला हात हा जास्त भरवशाचा ग्रंथ आहे. पण तो पंखा म्हणूनही वापरला जातो.

दुसरा प्रकार धोका ओळखण्याच्या चाचणीचा, आणि सगळ्या डिजिटल शिक्षणात खरा कस याच प्रकाराचा आहे. ब्रिटनने मोटारचालकांच्या परवान्यासाठी ही चाचणी नोव्हेंबर २००२ मध्ये आणली. उमेदवाराला रस्त्याच्या १४ चित्रफिती दाखवतात. त्यांत मिळून १५ धोके आकार घेत असतात, आणि धोका दिसू लागताच उमेदवाराने कळ दाबायची. लवकर दाबली तर ५ गुण, उशीर होईल तसे कमी. एकूण ७५ पैकी ४४ मिळाले की उत्तीर्ण. २०१५ पासून या चित्रफिती संगणकावर तयार होतात. हीच कल्पना सायकलस्वारांसाठीही वापरता येते, कारण पडणारा माणूस रस्त्यावर पडण्याआधी डोळ्यांनी चुकलेला असतो. नवखा समोरच्या चाकाकडे पाहतो, जुना जाणता पुढच्या वळणाकडे. हा फरक पडद्यावर मोजता येतो आणि सरावाने कमीही करता येतो. त्यासाठी घाम लागत नाही, हेल्मेट लागत नाही, आणि पंक्चर होत नाही.

या चाचणीत एक खोच आहे. काहीच न बघता सारखी कळ दाबत राहणाऱ्याला संगणक पकडतो आणि त्या चित्रफितीचे शून्य गुण देतो. लोणावळ्याच्या बाजारातून भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याची, जुलैतल्या एखाद्या रविवारी सकाळी अकराची चित्रफीत या चाचणीत घातली तर काय होईल, हा प्रश्न परीक्षकांनी अद्याप विचारात घेतलेला दिसत नाही. तिथे सारखी कळ दाबणे हेच अचूक उत्तर आहे. पाण्यात भिजण्यासाठी निघालेली कुटुंबे, छत्रीखाली सेल्फी घेणारे, उघडे दार, मागे येणारी मोटार, पुढे जाणारी मोटार, आणि या सगळ्यांच्या मधून वडापावची पुडी तोंडात धरून शांतपणे रस्ता ओलांडणारे कुत्रे. उमेदवार नापास होतो आणि सुखरूप घरी पोहोचतो.

विनोद बाजूला ठेवला तरी मावळाची स्वतःची चाचणी करता येईल, आणि तिचे प्रश्न बाहेरच्या कोणाला सुचणार नाहीत. थांब्यावर बस उभी आहे, तिच्या पुढच्या टोकापलीकडे काय? धावत येणारा शाळकरी पोरगा. उभ्या मोटारीत चालकाच्या जागी डोके दिसते, पुढे काय? उघडणारे दार. (नेदरलँड्समध्ये दार पलीकडच्या हाताने उघडायची सवय लावतात, म्हणजे आपोआप अंग वळते आणि मागचा सायकलस्वार दिसतो. आपल्याकडे दार कोपराने उघडतात, कारण हातात कणीस असते.) जुलैत पवनानगरच्या रस्त्यावर डांबर मधेच तांबूस दिसू लागले, तर? जवळच्या खाचरात भातलावणी चालू आहे, चिखलणी करून ट्रॅक्टर नुकताच रस्त्यावर चढला आहे, आणि त्याच्या चाकांनी आणलेला चिखल पुढच्या वळणावर पसरला आहे. इंद्रायणी तांदळाचा सुवास आवडणाऱ्याने हा दुसरा गंधही ओळखायला शिकले पाहिजे. लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेवढ्या पावसात पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे आणि रेल्वे फाटकातील रूळ हे तिन्ही साबणाच्या वडीसारखे होतात. रूळ काटकोनात ओलांडावेत, तिरके नव्हेत, हे वाक्य पडद्यावर वाचून झाल्यावर प्रत्येक प्रौढ मान डोलावतो. फाटक उघडल्यावर दोन्ही बाजूंची वाहने एकदम सुटतात तेव्हा काटकोन कुठल्या कुठे जातो.

इथपर्यंत पडदा उपयोगी आहे. डोळ्यांचे शिक्षण तो करतो, हातांचे त्याच्या आवाक्याबाहेर आहे, आणि ब्रेक हातात असतो.

बहुतेक मराठी मुलांना लहानपणी एकच ब्रेकविषयक सूत्र मिळालेले असते, ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील.’ ते सांगणारा मामा स्वतः तोंडावर पडलेला असल्याने सूत्राला वजन असते. वास्तविक ब्रेक दाबताच बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. नुसता मागचा दाबला तर चाक घसरते आणि सायकल थांबण्याऐवजी दिशा बदलते. उपाय असा की अंग मागे न्यावे, कोपरे सैल ठेवावीत आणि पुढचा ब्रेक एकदम न आवळता वाढवत न्यावा. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक सायकलींवर उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, बाहेरून आलेल्या काही महागड्या सायकलींवर डाव्या हाताचा. आपला कोणता, हे दुधिवरे खिंडीच्या उतारावर शोधून काढणे टाळावे.

हिशेब सोपा आहे. ताशी २५ किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला सुमारे ७ मीटर कापते. धोका दिसल्यापासून बोटे आवळेपर्यंत एक सेकंद गेला की ७ मीटर तिथेच खर्ची पडले. सपाट, कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने पुढे आणखी ५ मीटर लागतात. वेग ताशी ४० झाला की हा १२ मीटरचा मामला २४ च्या आसपास जातो. उतार आणि पाऊस यांची भर वेगळी. धुक्यात लोणावळ्यात पुढचे १५ मीटर दिसले तरी लोक ‘आज छान उघडलंय’ म्हणतात. हे आकडे कोणत्याही ॲपवर मिळतात, पण आकडे पाठ झाल्याने बोटे शिकत नाहीत. इंग्लंडात २००७ पासून चालू असलेल्या बाइकेबिलिटी या शिक्षणक्रमाची पहिली पायरी रहदारीपासून दूर, मैदानावर असते ती म्हणूनच. मावळात मैदाने पुष्कळ आहेत. मात्र चाळिशीतल्या माणसाला सकाळी सातला शाळेच्या पटांगणात पाण्याच्या बाटल्यांभोवती सायकलने आठाचा आकडा काढायला सांगणे सोपे नाही, कारण शेजारच्या कट्ट्यावर त्याचा मुलगा क्रिकेटची पाळी येण्याची वाट पाहत बसलेला असतो.

सर्वांत अवघड कौशल्य दिसायला सर्वांत क्षुल्लक आहे. ते म्हणजे सायकल सरळ ठेवून मागे वळून पाहणे. कार्ला फाट्यावर एकवीरेकडे जाण्यासाठी पुण्याकडून येणाऱ्याला उजवीकडे वळावे लागते. त्याआधी मागून काय येत आहे हे बघणे भाग असते. प्रौढाची मान आता पाचवीतली राहिलेली नसते. मान वळत नाही म्हणून तो खांदा वळवतो, खांद्याबरोबर हात जातो, हाताबरोबर हँडल, आणि स्वार ज्या बाजूला बघतो त्या बाजूला सायकल सरकते. म्हणजे मागून ट्रक येत आहे का हे पाहण्याच्या प्रयत्नात तो ट्रकच्या पुढ्यात जाऊन उभा राहतो. खरी रीत अशी की वळणाच्या बरीच आधी पायडल थांबवायचे, उजवा हात हँडलवरून उचलून मांडीवर टेकवायचा, हनुवटी खांद्याशी न्यायची, अर्धा सेकंद पाहायचे आणि मान पुढे. हात सुटलेला असल्यामुळे हँडलला ओढ बसत नाही. मग पुन्हा एकदा पाहायचे, आणि मगच खूण.

आणि इथे फोन अनपेक्षितपणे उपयोगी पडतो. पडदा म्हणून नव्हे, कॅमेरा म्हणून. एकाने पटांगणाच्या टोकाला उभे राहून चित्रीकरण करायचे, दुसऱ्याने चुन्याच्या रेघेवरून मागे पाहत यायचे. पहिली चित्रफीत पाहिल्यावर स्वार म्हणतो, ‘वारा होता.’ दुसरीनंतर म्हणतो, ‘रेघच वाकडी आहे.’ तिसरीनंतर काही म्हणत नाही आणि निमूटपणे चौथ्या फेरीला जातो. प्रौढ मनुष्य प्रशिक्षकाशी वाद घालतो, पत्नीशी घालतो, पुस्तकाशीही घालतो. स्वतःच्या चित्रफितीशी वाद घालण्याची युक्ती मात्र त्याला अजून सापडलेली नाही. डिजिटल प्रशिक्षणाचे सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत परिणामकारक साधन हेच असावे, पण ते विकत घ्यावे लागत नसल्याने त्याची जाहिरात कोणी करत नाही.

तिसरा प्रकार आभासी रस्त्यांचा. सायकलचे मागचे चाक एका यंत्राला जोडायचे, समोर पडदा, आणि बैठकीच्या खोलीत डोंगर चढायचा. २०१४ मध्ये सुरू झालेले झ्विफ्ट हे यातले गाजलेले नाव. २०२० च्या टाळेबंदीत अनेकांनी असे डोंगर पालथे घातले. मांड्यांसाठी हे उत्तम आहे. मात्र तिथे ब्रेकची गरज पडत नाही, आणि एक स्वार दुसऱ्याच्या आरपार निघून जातो, कोणाला खरचटतही नाही. वर्षभर असा सराव केलेल्या माणसाच्या अंगी घाटांच्या राजाचे पाय आणि बालवाडीतले ब्रेक एकत्र नांदतात. आरपार जाण्याची सवय लागलेल्याने तळेगावच्या चौकात विशेष जपावे.

‘घाटांचा राजा’ ही पदवी मुंबई-पुणे सायकल शर्यतीने मराठी माणसाला शिकवली. खंडाळ्याचा घाट जो आधी चढेल त्याला ती मिळे. स्ट्रावासारख्या ॲपने तिचे लोकशाहीकरण केले. कोणत्याही चढावर, कोणत्याही दिवशी, सर्वांत जलद गेलेल्याला मुकुट. चढाचा मुकुट फारसा धोक्याचा नाही, चढावर माणूस मुळातच धापा टाकत जातो. उताराचा मुकुट हे मात्र सुरक्षा-प्रशिक्षणाच्या बरोबर उलट काम करणारे डिजिटल प्रशिक्षण आहे, आणि त्याला गृहपाठ करायला लावावा लागत नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर या आंतरराष्ट्रीय शर्यतीच्या निमित्ताने जिल्ह्यातले कित्येक रस्ते गुळगुळीत झाले. शर्यतीत रस्ता बंद असतो, पुढे गाड्या आणि मागे रुग्णवाहिका असते. पुढच्या रविवारी यांतले फक्त डांबर उरते. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळापाशी जुने वाहनचालक नाणे टाकून पुढे जातात. सायकलस्वारही तिथे थांबतो, भक्ती किती आणि दम किती हे त्याचे त्याला ठाऊक. पण थांबतो, आणि ब्रेक गार होतात.

लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे नावाच्या फेऱ्यांत एक चांगली गोष्ट टिकून आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत पूर्ण करायचे असतात, आणि अंधारात पुढे-मागे दिवे व चमकणारे जाकीट सक्तीचे असते. दिवा नसेल तर निघू देत नाहीत. जुन्या हवा सोडणाऱ्या पोलिसाचा आत्मा इथे सुखी आहे.

व्हॉट्सॲपवरच्या गटांना प्रशिक्षण म्हणायचे की नाही यावर मतभेद संभवतो. रोज सकाळी तिथे हेल्मेटचे महत्त्व सांगणारे एक चित्र येते, त्याखाली चाळीस जण अंगठा दाखवतात, आणि एकेचाळिसावा विचारतो की उद्या नाश्ता कुठे.

या सर्व साधनांचा लाभार्थी कोण, हे पाहिले की प्रकरणातील एक गंमत उघड होते. मावळात सायकलस्वारांच्या दोन जाती आहेत. एक रविवारची. तिच्याकडे हेल्मेट, हातमोजे, पुढे एक आणि मागे दोन दिवे आणि तीन ॲप असतात. फक्त घंटी नसते, कारण तिने वजन वाढते. त्यामुळे समोरच्या आजोबांना ‘ओ काका, साइड!’ असे ओरडून सांगावे लागते. दुसरी जात रोजची. दुधाची किटली अडकवून स्टेशनाकडे निघालेला गवळी, कारखान्यातून रात्रपाळी करून परतणारा कामगार, लोणावळ्यातल्या बंगल्याचा राखणदार, कॅरियरवर गवताचा भारा बांधलेला शेतकरी. सगळे प्रशिक्षण पहिल्या जातीपर्यंत पोहोचते, आणि अंधारात बिनदिव्याने दुसरी जाते. तिला धोका ओळखायला शिकवण्याची गरज नाही. कोणत्या गाडीचा चालक झोपेत आहे हे ती इंजिनाच्या आवाजावरून सांगेल. तिला हवी आहे मडगार्डवर चिकटवायची रेडियमची पट्टी आणि एक लाल दिवा. पट्टी डाउनलोड होत नाही.

पहाटे साडेपाचला वडगावच्या अलीकडे या दोन जाती कधी कधी एकमेकींना भेटतात. रविवारच्या स्वाराच्या झगझगीत उजेडात पुढे एक काळी, उंच, जुनी सायकल दिसते, कॅरियरला जेवणाचा डबा. मागून उजेड येतो आहे हे कळताच ती सायकल न बोलता वेग थोडा वाढवते आणि त्या उजेडातच राहते. दोघे असे दोन-तीन किलोमीटर जातात. मग गावाचा फाटा येतो. पुढचा पायडल थांबवतो, उजवा हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवतो, हनुवटी खांद्याशी नेऊन मागे पाहतो, एकदा आणि पुन्हा एकदा. सायकल रेघ सोडत नाही. मग तो वळतो आणि अंधारात जातो.